मांजर घरात, कण्हेर कंपाउंडला

रविवार, दसरा आणि दिवाळीच्या मधला. हजर: मी, नवरा, सासरे, कॉलेजात जाणारी लेक आणि मांजर. गैरहजर: नणंद, मुक्काम डोंबिवली, पण फोनवरून अर्धी हजर. स्थळ: बाळकुमच्या आमच्या फ्लॅटची बाल्कनी. विषय: कुंड्या.

मांजर लेकीने पार्किंगमधून उचलून आणलेली. घरातले तिघं तिला तीन नावांनी हाक मारतात आणि ती एकालाही दाद देत नाही, म्हणून मी इथे नुसतं मांजरच म्हणते. नौपाड्यातल्या डॉक्टरांनी तिला लस देताना बजावलं होतं, ‘घरातली झाडं एकदा तपासून घ्या, काही झाडं मांजरांना विषारी असतात.’ मी त्यांच्याकडून नावं लिहून घेतली, घरी येऊन आणखी शोधली आणि यादी फ्रिजवर लावली. त्या रविवारी यादी घेऊन बाल्कनीत उभी राहिले. मी नाव वाचायचं, नवऱ्याने कुंडी उचलायची.

मनी प्लांट नवऱ्याच्या ऑफिसात गेला. मोठ्या ठिपकेदार पानांचं डिफेनबेकिया खालच्या लॉबीत. लिली समोरच्या काकूंकडे, त्यांच्याकडे फक्त पोपट आहे आणि तो पिंजऱ्यात असतो. कोरफडीपाशी सासरे अडले.

“कोरफड पण? अगं, आम्ही लहानपणी खाल्लेली आहे ती.”

“तुम्ही खा, बाबा. मांजराने नाही खायची.”

“म्हणजे या घरात आता मांजराचा नंबर माझ्या वर.”

“आजोबा, तो पहिल्या दिवसापासून वर आहे,” लेक म्हणाली.

मग मी वाचलं, ‘कण्हेर.’

“ती खाली आहे, कंपाउंडला,” बाबा म्हणाले. “मांजर काय लिफ्टने जाणार आहे?”

सगळे हसलो. मी कण्हेरीपुढे ‘घरात नाही’ असं लिहिलं आणि पुढचं नाव घेतलं.

ही कण्हेर सासूबाईंची. नौपाड्याच्या जुन्या घराच्या गॅलरीत ती कुंडीत होती. आम्ही बाळकुमला आलो तेव्हा सासूबाई नव्हत्या, आणि इथल्या बाल्कनीत ऊन नव्हतं. बाबांनी सोसायटीची परवानगी काढून ती मागच्या भिंतीपाशी जमिनीत लावली. दोन वर्षांत भिंतीच्या वर गेली. “ती असताना कधी एवढी फुलली नाही,” असं ते दर पाहुण्याला सांगत. पूजेला रोज तिचीच पांढरी फुलं. पण सकाळी फिरायला निघणाऱ्या बायका झाड साफ करायच्या, म्हणून बाबा संध्याकाळीच फुलं तोडून आणायचे आणि देवघरापुढच्या पाटावर पितळेच्या वाडग्यात, पाण्यात घालून ठेवायचे. सकाळपर्यंत टवटवीत.

मांजराला तिचं स्टीलचं भांडं कधीच आवडलं नव्हतं. ती कुंड्यांखालच्या ताटल्यांमधलं पाणी प्यायची. कुंड्या गेल्या, ताटल्या मी घासून माळ्यावर टाकल्या. दोन-तीन दिवसांनी बाबांनी आम्हाला हाका मारून देवघरापाशी बोलावलं.

“आवाज करू नका. बघा, तीर्थ घेतेय!”

मांजर पाटावर पुढचे पाय ठेवून, फुलं नाकाने बाजूला सारत, वाडग्यातलं पाणी पीत होती. लेकीने व्हिडिओ काढला. नणंदेने त्यावर हात जोडल्याची चित्रं पाठवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मांजराने तीनदा उलटी केली, मग तोंडातून लाळ गळायला लागली आणि ती कपाटाखाली जाऊन पडली. तिला टोपलीत घालून मी रिक्षा थांबवली. बाबा चप्पल घालून आधीच खाली उभे. “टोपली मी धरतो,” म्हणाले, आणि नौपाड्यापर्यंत ती मांडीवर धरून बसले.

डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला आणि बराच वेळ काढला नाही. “ठोके फार मंद आहेत, आणि मध्येच चुकतायत. घरात झाडं कोणती आहेत?”

“एकही नाही,” मी म्हणाले. “तुम्ही सांगितलेली सगळी काढली.”

“कण्हेर?”

“घरात नाही.”

“आहे,” बाबा म्हणाले. “देवघरात आहे. फुलं. पाण्यात.” मग म्हणाले, “त्यातलं पाणी ती प्यायली. मी बघत होतो. कौतुकाने बघत होतो.”

डॉक्टर म्हणाल्या, कण्हेरीचं सगळंच विषारी, ती ज्या पाण्यात ठेवतो ते पाणीसुद्धा. सलाईन लावलं, मांजराला ठेवून घेतलं आणि आम्हाला घरी पाठवलं. जगेल का, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

घरी आल्यावर बाबांनी वाडगा ओतला, घासला आणि पालथा घातला. मग म्हणाले, “वाचली तर तिला डोंबिवलीला पाठव. ताईकडे. माझ्या हातून परत काहीतरी होईल.”

“आजोबा, असं नका ना बोलू,” लेक म्हणाली आणि रडायला लागली. त्यावर बाबाही रडले. नवऱ्याने चहा टाकला, कारण दुसरं काय करायचं ते त्याला कळेना.

मांजर वाचली. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, पण बाबा हट्ट सोडेनात. शेवटी मी नणंदेला फोन लावून स्पीकरवर टाकला.

“मांजर कशाला पाठवताय, बाबा?” ती म्हणाली. “कण्हेर पाठवा. माझ्या गच्चीत भरपूर ऊन आहे, मांजर नाही, कुत्रं नाही. आईचं झाड मला कधीपासून मागायचं होतं. मागायची हिंमत नव्हती.”

बाबा फोनजवळ वाकले. “पाणी जास्त घालू नकोस तिला,” एवढंच म्हणाले.

तेव्हापासून पूजेला जास्वंद असते, ती मांजरांना चालते हे डॉक्टरांना विचारून घेतलं. फुलं कोरडी, झाकणाच्या डब्यात. पितळेच्या वाडग्यात आता नुसतं पाणी असतं, पाटावरच, आणि ते मांजराचं. बाबा पूजेआधी तो स्वतः भरतात.

कण्हेरीला मी जाळी लावून घेतली, खाली इतरही मांजरं आहेत. नणंदेने गच्चीत मोठं पिंप आणून ठेवलंय. टेम्पोवाला शीळफाट्यावरून डोंबिवलीला न्यायला तयार आहे, दर शनिवारी मला फोन करतो. दर शनिवारी मी बाबांना विचारते.

“कळ्या आल्यात गं,” ते म्हणतात. “तेवढ्या फुलू दे.”

काल पुन्हा विचारलं. कळ्या आहेत. टेम्पो सांगायचा राहिलाय.