वीस तोंडांचा फासा

आम्ही चौघं कुठेही भेटलो, लग्नात म्हणा की दवाखान्यात, की दहाव्या मिनिटाला कुणीतरी म्हणतंच, "ए, तो किस्सा सांग ना!" मग कोणता आधी, यावरून भांडण. आज मी एकटीच आहे, तेव्हा माझ्या मर्जीने सांगते!

चौघं म्हणजे मी, वैजू, इरफान आणि सीनू. नव्वदीतलं हैदराबाद. कॉलेज नुकतं संपलेलं, गल्लोगल्ली कंप्युटर क्लास निघालेले आणि घरोघरी एकच प्रश्न, "पुढे काय?" आमचं पुढे म्हणजे रविवार! दहा ते एक, हिमायतनगरला आमच्या घरी, गॅलरीच्या खोलीत.

आबिड्सच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत वैजूला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं होतं. खेळाचं. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातला योद्धा, चोर वगैरे व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, हे फासा ठरवणार. गोष्ट सांगायची वैजू. पुस्तकाची पहिली वीस पानं गायब होती. त्यामुळे हा खेळ सुरू कसा करतात, ते आम्हाला आजतागायत माहीत नाही!

फासा हवा होता वीस बाजूंचा. सुलतान बाजार पालथा घातला. एका दुकानदाराने चष्मा वर करून इरफानकडे पाहिलं. "बीस मुँह का पासा? मियाँ, रावण को भी दसइच थे!"

इरफान म्हणाला, "तो दो रावण दे दो!"

शेवटी बिस्किटांच्या डब्यात वीस चिठ्ठ्या टाकल्या आणि त्याच काढत बसलो.

सीनूला हळू आवाजात लढताच यायचं नाही. एकदा "चंपेस्तानु! मार डालता!" असा ओरडला की खालच्या देशमुखकाकू लाटणं घेऊनच वर आल्या. इरफान अदबीने उठला. "आंटी, पाँच मिनट. राजा मर रहा है, फिर शांती."

काकू उंबऱ्यात टेकल्या. "मरू दे मेला. राणीचं काय झालं?"

आमचे अप्पा मात्र पेटले होते. "शेजारची पोरं कंप्युटर शिकून अमेरिकेला चालली, आणि तुम्ही डब्यातून चिठ्ठ्या काढता!"

वैजू म्हणाली, "काका, हा खेळ तिकडचाच आहे."

"मग तिकडे जाऊन खेळा!"

पुढच्या रविवारी खोलीला कुलूप. आम्ही जिन्यात खेळलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. तिसऱ्या रविवारी अप्पा भाजीची पिशवी घेऊन वर येत होते. सीनू म्हणाला, "अंकल, उधर राक्षस सोया है, देखके."

"उठव त्याला!" अप्पा गरजले. आणि भिंतीला चिकटून, अंग चोरून वर गेले! संध्याकाळी कुलूप निघालं.

आता वैजूचं. तिच्या बाबांनी बजावलं होतं, हे शेवटचं स्थळ, यानंतर मी कुणाच्या दारी जाणार नाही. वैजूने एवढंच सांगितलं होतं की रविवारी दहा ते एक मला वेळ नाही. मंडळी नेमकी रविवारी अकराला आली! तिच्या आईने त्यांना सरळ आमच्याकडे धाडलं. मुलगा पुण्याचा, इथे नवीन सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. सोबत मामा.

मामांनी सतरंजीवर दोन मुलांसोबत बसलेली वैजू पाहिली. "लग्नानंतर हे सगळं बंद करावं लागेल हं."

वैजू उठलीसुद्धा नाही. "मग लग्नच राहू द्या, मामा."

मग मुलगाच म्हणाला, "मी जरा बसून बघू का?"

"बघायला कुणाला बसवत नाही. खेळायचं असेल तर बूट काढून या," वैजू म्हणाली.

त्याने बूट काढले. मामा तणतणत खाली जाऊन ऑटोत बसले. वैजूने पाहुणा म्हणून काडीची सवलत दिली नाही. पंधराव्या मिनिटाला त्याला राजाच्या तुरुंगात टाकलं.

खालून हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग मामांचा आवाज, "अरे, येतोस की नाही?"

तो उठला, गॅलरीत गेला आणि वाकून ओरडला, "मामा, तुम्ही व्हा पुढे! मी तुरुंगात आहे!"