चोवीसशे मोजे

“तुमच्या त्या हॉलमध्ये कुत्र्यांचं प्रदर्शन चालतं. पोलीस भरतीची परीक्षा चालते. फक्त आपल्या लेकीचं लग्न चालत नाही.”

“कुत्री उंच टाचा घालत नाहीत,” नवरा म्हणाला आणि भाजीचं भांडं पुढे ओढलं.

चार दिवस जेवणाच्या टेबलावर हाच विषय शिजत होता. नवरा शहरातल्या बंदिस्त क्रीडागृहाची लाकडी जमीन राखायच्या कामावर होता. कागदोपत्री हुद्दा ‘देखभाल सहायक’, पण माळ्यापासून साहेबापर्यंत सगळे त्याला फळीमास्तर म्हणत, आणि त्याला त्यात थट्टा दिसत नसे. कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या लग्नाला हॉल फुकट मिळायचा. माळ्याने घेतला, वायरमनने दोनदा घेतला. फळीमास्तर मात्र लेकीला कुठल्याशा शाळेच्या पत्र्याखाली उजवायला निघाला होता.

“बाबा, मी अनवाणी उभी राहते,” लेक म्हणाली.

“तू राहशील गं. तुझ्या सासरच्या पाचशे माणसांचं काय?”

सासर ठरवतानाही तीच तऱ्हा. मुलगा भेटायला आला तेव्हा सगळ्यांनी त्याचं तोंड पाहिलं. याने दारातले त्याचे बूट उलटे करून पाहिले. तळवे काळ्या रबराचे निघाले. काळं रबर लाकडावर रेघा ओढतं. “मुलगा चांगला आहे,” पाहुणे गेल्यावर तो म्हणाला, “पण अजून विचार करा.”

हॉल बांधला होता टेबल टेनिसच्या एका मोठ्या स्पर्धेसाठी. देशोदेशीचे खेळाडू आले, आठ दिवस खेळून गेले, आणि ती स्पर्धा पुन्हा काही या शहराच्या वाटेला गेली नाही. एवढा मोठा हॉल रिकामा तरी कसा ठेवायचा? थोडं बॅडमिंटन झालं, थोडं मुष्टियुद्ध झालं, मग सोफासेटचा सेल लागला आणि पुढाऱ्यांच्या सभा सुरू झाल्या. पुराच्या वर्षी चारशे माणसं एकोणीस दिवस तिथे झोपली. घरदार वाहून गेलेल्या त्या माणसांच्या चपला फळीमास्तर दारात उभा राहून काढून घेत होता. शहराला वाटायचं, आपल्याकडे खेळांचा हॉल आहे. याला विचाराल तर खेळ हा त्या हॉलला होणारा सगळ्यात किरकोळ त्रास होता.

मोठा त्रास म्हणजे लोखंडी पायांची खुर्ची. पहिल्या सभेनंतर तो दोन दिवस धड जेवला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने बायकोपुढे जुन्या पँटींचा ढीग आणून टाकला. सहाशे खुर्च्या, प्रत्येकीला चार पाय. प्रत्येक पायाला जाड कापडाचा मोजा. शिलाई मशीनवर बायकोचे दोन हिवाळे गेले. शेजारीण विचारायची, “एवढं काय शिवता हो?” खुर्च्यांचे मोजे, असं कुणाला सांगणार? “ऑर्डर आहे,” म्हणून ती वेळ मारून न्यायची.

“माझ्या हातचे मोजे घालून खुर्च्या तिथे मिरवतात,” ती आता म्हणाली. “मला मात्र आजवर गेटच्या आत नेलं नाहीत.”

“तुझ्या चपलांना खिळे आहेत,” तो म्हणाला. त्याच्या मते हे उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याला न सांगता थेट साहेबाच्या खोलीत गेली. साहेबाने चहा मागवला.

“खुशाल घ्या हॉल, वहिनी. फक्त पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आत उरका. मग फळ्या उखडायच्यात. सिंथेटिक येतंय. त्यावर बूट, खुर्च्या, काही घाला, ओरखडा उठत नाही. मास्तर बोलले नाहीत? पत्रावर सही आहे त्यांची, तीन आठवडे झाले.”

तीन आठवडे. म्हणजे घरातलं भांडण सुरू झालं तेव्हा त्याला ठाऊक होतं.

तिला आनंद झाला, खोटं कशाला बोला. एवढा बिनतोड मुद्दा सगळ्या संसारात तिच्या हाती लागला नव्हता. उखडायचीच आहे, तर नाचू दे की वऱ्हाड टाचा आपटत. तोंडावर सुनवायचं म्हणून ती जिना उतरून हॉलच्या दाराशी आली.

तो पार पलीकडच्या टोकाला होता. काठीच्या टोकाला टेनिसचा चेंडू खोचून एक काळी रेघ घासत होता. घासायचा, वाकून तिरक्या नजरेने पाहायचा, पुन्हा घासायचा. छताचे दिवे त्या फळ्यांत विहिरीत दिसावेत तसे खोल दिसत होते. महिन्याभराने हे सगळं जळणात जाणार होतं.

तिने हाक मारली नाही. परत फिरताना तिच्या लक्षात आलं, चपला आपल्या हातात आहेत. काढल्या कधी, ते आठवेना.

संध्याकाळी जेवायला बसल्यावर नवरा म्हणाला, “शाळेच्या शिपायाशी बोललोय. पत्रा नवा आहे.”

लेकीने आईकडे पाहिलं.

“लग्न हॉलमध्येच,” आई वाढता वाढता म्हणाली. “अठरा तारखेला. दारात चपला काढून घ्यायला मी उभी राहणार आहे. व्याह्यांच्याही आणि साहेबांच्याही.”