खोललंच आहे तर

मिस्त्री दाजींच्या शेडमध्ये आला तो एक शॉकअब्सॉर्बर बदलायला. एका दुपारचं काम. ती दुपार संपता संपेना आणि वर्षं लोटली.

दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा नवरा. गाडी त्यांची. दोन माणसांची, बुटकी, लांब नाकाची. तरुणपणी शर्यतीत पळालेली आणि म्हातारपणी विटांवर चढून बसलेली. शॉकअब्सॉर्बर निघाला तसे दाजी म्हणाले, "खोललंच आहे तर स्प्रिंगाही बघून घे." जाड स्प्रिंगा घातल्या. मग इंजिन अशक्त वाटायला लागलं. ते उतरवलं, सिलिंडर बोअर केले, मोठे पिस्टन घातले, एका कार्ब्युरेटरचे दोन केले. दर खेपेला तेच. खोललंच आहे तर.

मिस्त्री शेडवरच्या खोलीत झोपायचा, आक्काच्या हातचं जेवायचा. "घरजावई पुष्कळ बघितले," दाजी म्हणायचे, "घरमेव्हणा हा पहिलाच." मिस्त्रीची बायको दुसऱ्या गावी लेकीकडं होती. ती फोनवर विचारायची, "सवत अजून विटांवरच का?"

आता तिनंच तिकडं एका वर्कशॉपात त्याच्यासाठी जागा बघितली होती. सोमवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. आणि गाडीचं एकच काम उरलं होतं, तोल बसवायचं. चालवणाऱ्याच्या वजनाइतक्या वाळूच्या पिशव्या सीटवर ठेवायच्या, चारी चाकांखाली वजनकाटे मांडायचे, आणि आकडे जुळेपर्यंत स्प्रिंगांखालच्या चकत्या फिरवत बसायचं.

त्या सकाळी आक्कानं त्याला स्वयंपाकघरात गाठलं.

"अजून काही खोलायचं नाही ना रे?"

"नाही. आज संपतंय."

ती भांडं घासत राहिली. "तुझी ठोकठाक ऐकली की उठतात ते. नाहीतर भिंतीकडं तोंड करून पडून असतात."

एवढंच बोलली. जा म्हणाली नाही, राहा म्हणाली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं.

शेडमध्ये दाजी खुर्चीवर बसले होते. "माझं वजन तुला पाठ आहे. नव्वद."

नव्वद खरं होतं, पण दुखणं लागायच्या आधीचं. आता त्यांनी पट्ट्याला खिळ्यानं नवी भोकं पाडली होती आणि सदरा खुंटीला अडकवल्यासारखा लोंबत होता. डॉक्टरांनी हात टेकले होते. घरात कुणी त्याचा विषय काढत नव्हतं.

मिस्त्रीची गोची झाली. नव्वदवर तोल बसवावा, तर दाजी आत बसताच गाडी एका अंगावर तिरकी होणार, आणि ते पुन्हा खोल म्हणणार. खरं वजन विचारावं, तर जीभ उचलत नव्हती.

त्यानं पिशव्या रचल्या. मग पाठ आडवी धरून एक हळूच खाली सरकवली.

"मेव्हणे," दाजी म्हणाले, "डोळे नाही वाळलेत माझे."

मिस्त्री वाकलेलाच राहिला.

"अजून एक काढ."

त्यानं काढली.

"अजून एक. लाजतोस काय, तुझं वजन थोडंच उतरलंय."

आक्का दारात चहा घेऊन उभी होती. पिशवी फरशीवर धप्पकन पडली, तेव्हा कपातला चहा बशीत सांडला.

चकत्या फिरवल्या, आकडे जुळले. पिशव्या काढून दाजी आत बसले. गाडी ताटासारखी सपाट. त्यांनी चावी फिरवली. इंजिन असं लागलं की शेडचे पत्रे अंगात आल्यासारखे थरारले. कुठं खडखड नाही, कुठं अडखळ नाही.

"सुटलास बाबा," दाजी म्हणाले. "जा सोमवारी."

आक्का कप धरून दारातच उभी होती. चहावर साय धरली होती.

मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, कान लावला.

"टॅपेट वाजतायत."

"कुठं?"

"वाजतायत जराशी."

दाजींनी ऐकलं. हे इंजिन त्यांनाही पाठ होतं. त्यांनी मिस्त्रीकडं बघितलं, मग दारात आक्काकडं, आणि चावी मागं फिरवली.

"मग खोल," ते म्हणाले.

आक्का चहा पुन्हा गरम करायला आत गेली. खिशात फोन वाजायला लागला. मिस्त्रीनं त्याच खिशात हात घातला, फोन बाजूला सारला आणि दहा-अकराचा पाना बाहेर काढला.