सोलापुरी चादरीचा साप

किस्सा सांगताना हसू येतं, पण घडत असताना माझे हातपाय गार पडलेले असतात, हे आधीच सांगून ठेवते. लोक म्हणतात, तुमचं बरंय बाई, गावोगाव फिरता, नाटक करता, पोरांना हसवता. मी त्यांना म्हणते, एकदा आमच्या व्हॅनमध्ये बसून या. संध्याकाळी परत येताना एखादा किस्सा तुमच्याही मागे लागलेला असेल आणि तो झटकून टाकता येणार नाही.

आम्ही तिघं. एकतपुरे सर, मल्लू आणि मी. सोलापूर जिल्ह्यातल्या शाळांतून, सकाळचा परिपाठ झाला की त्याच मैदानावर, सापांवरचं पाऊण तासाचं नाटक करतो. सर साप चावलेला शेतकरी होतात, मी डॉक्टरीण होते आणि मल्लू साप. एरवी तो व्हॅनही चालवतो. खरा साप आम्ही नेत नाही. तो गुन्हा आहे. आमचा साप सोळा फुटी. माझ्या आत्याने जुन्या चादरींचे तुकडे जोडून शिवलेला. आमच्या घरात विणकाम पिढ्यान् पिढ्या आहे, त्यामुळे चादरींना तोटा नव्हता.

हे सगळं सरांनी का काढलं, तेही सांगते. सर विज्ञान शिकवायचे. त्यांच्या नववीच्या वर्गातल्या एका पोराला साप चावला. घरच्यांनी त्याला देवळात नेऊन निजवलं, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. "त्याच महिन्यात मी त्याच्याकडून सरपटणाऱ्या प्राण्यांचं वर्गीकरण पाठ करून घेतलं होतं," सर म्हणाले, "पण चावल्यावर कुठं जायचं, हे एका शब्दानं सांगितलं नव्हतं."

तेव्हापासून सरांना पोरांकडून दोनच शब्द हवे असतात. थेट दवाखाना. नाटक संपलं की ते एका पोराला उभं करून विचारतात, साप चावला तर काय करायचं? त्या उत्तरावर त्यांचा पुढचा दिवस चांगला की वाईट ते ठरतं, आणि पर्यायाने आमचाही.

*

टेंभुर्णीच्या बाजूला एका शाळेत गेलो होतो. सर चावल्याचा अभिनय फार जीव ओतून करतात. डोळे फिरवतात, तोंडातून फेस काढतात. फेस टूथपेस्टचा असतो, पण लांबून कुणाला काय कळणार? त्या दिवशी शाळेचे क्लार्क ऑफिसमधून उशिरा बाहेर आले. मैदानात एक म्हातारा माणूस तडफडतोय आणि दोनशे पोरं टाळ्या वाजवताहेत, एवढंच त्यांनी पाहिलं.

ते आत पळाले. आम्हाला पत्ता नाही. मी डॉक्टरीण होऊन बोलत होते तोच गेटमधून सायरन वाजवत ॲम्ब्युलन्स आत आली. आता पोलीस, आता शिक्षणसंस्थेची नोटीस, सगळं डोळ्यांपुढे आलं. स्ट्रेचर घेऊन दोघं उतरले आणि म्हणाले, "पेशंट कुठाय?"

सरांनी पडल्यापडल्या एक डोळा उघडला. "मीच. पण मला अजून दहा मिनिटं लागतील."

मी हात जोडून त्या लोकांची माफी मागत होते. सर मात्र घरी येईपर्यंत खुशीत होते. "क्लार्कनी देवरुषी बोलावला नाही," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "ॲम्ब्युलन्स बोलावली."

*

अक्कलकोटकडे गेलं की मल्लूला चेव येतो, कारण तिथली पोरं कन्नड बोलतात आणि तो त्याच भागातला. तिथल्या एका शाळेत नागपंचमीच्या आसपास गेलो होतो, ही आमची चूक. मोठे गुरुजी भाविक. आमचा साप मैदानात आला तसे ते हळदीकुंकवाचं ताट घेऊन समोर आले. मी सरांकडे पाहिलं. सरांच्या कपाळाची शीर उडत होती. नाही म्हणावं तर पुन्हा या शाळेत पाऊल ठेवता येणार नाही, हो म्हणावं तर नाटक कशासाठी करतोय?

तेवढ्यात गुरुजींनी चादरीवर अख्खं तांब्याभर दूध ओतलं. आत मल्लू होता. साप एकदा शहारला आणि आतून स्पष्ट आवाज आला, "साकु, साकु."

म्हणजे पुरे, पुरे. कन्नड कळणारी सगळी पोरं गडगडा लोळली. मलाही हसू आवरेना. सर तेवढे हसले नाहीत, कारण त्यांना शेवटचा प्रश्न विचारायचा होता. त्यांनी पहिल्या रांगेतल्या पोरीला उभं केलं. "साप चावला तर काय करायचं?"

"दूद पाजायचं," ती म्हणाली.

सर त्या दिवशी जेवले नाहीत. मल्लूच्या अंगाचा आंबूस वास व्हॅनभर येत होता.

*

सांगोल्याच्या पलीकडे, मेंढरं राखणाऱ्यांच्या एका गावात, परिपाठाला पाहुणे म्हणून एक गृहस्थ खुर्चीवर बसलेले. पांढरा फेटा, हातात काठी. नाटक सुरू व्हायच्या आधी तिथल्या बाई माझ्या कानाशी लागल्या. "मॅडम, ते विष उतरवतात. मंत्रानं. आसपासची सगळी गावं त्यांच्याकडंच येतात. जरा सांभाळून बोला."

मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "बरं झालं, मूळ माणूसच भेटला." आणि एकही वाक्य गाळलं नाही. मंत्रानं विष उतरत नाही, हे तर त्यांच्याकडे बघून म्हणाले. काठी जमिनीवर हळूहळू आपटत होती. मल्लूने चादरीतून बाहेर येऊन व्हॅनची चावी खिशात आहे का ते चाचपून घेतलं.

नाटक संपलं. गृहस्थ उठले, सरळ माइकपाशी आले.

"ह्ये सर शिकल्याली मानसं हायती," ते म्हणाले. "त्यांचं खरं हाय. पोरानू, साप चावला की थेट दवाखान्यात जायाचं. कुणाचं ऐकायचं न्हाय."

सरांचे डोळे भरून आले. मी टाळ्या वाजवायला हात उचलले. गृहस्थ पुढे म्हणाले, "आन जाताना वाटंत माज्याकडं दोन मिंटं थांबून जावा."

*

एकदा सोलापुरातच, आमच्याच भागातल्या शाळेत नाटक केलं आणि दोन दिवसांनी सरांना फोन आला. फोन स्पीकरवर नव्हता तरी मला सगळं ऐकू येत होतं. एक आई ओरडत होती. तिचा दुसरीतला मुलगा दुपारी गल्लीतून गायब झाला. दोन तास सगळी गल्ली शोधत होती. विहिरीत डोकावून झालं, रिक्षावाल्यांना विचारून झालं. शेवटी सापडला कुठे, तर सरकारी दवाखान्यात, केसपेपर हातात घेऊन लायनीत उभा. त्याला मुंगी चावली होती.

पंधरा मिनिटं ती बाई बोलली आणि एक शब्दही चुकीचा बोलली नाही. माझ्या पोरानं असं केलं असतं तर मी सरांच्या दारात जाऊन बसले असते. सर "व्हय ताई, चुकलं ताई" एवढंच म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर मी म्हटलं, आता शहरातले शो बंद.

सर खिडकीबाहेर बघत होते. "मुंगीच चावली," ते म्हणाले, "पण गेला."

*

आता केम गावाच्या अलीकडे घडलेलं.

छोटी शाळा, दगडी कुंपण, कडुनिंबाखाली पोरं बसलेली. एका कडेला मुलींची रांग कुंपणाच्या पडक्या दगडांना टेकून होती. हे माझ्या नंतर लक्षात आलं, आधी यायला हवं होतं. सापांवर बोलणारी माणसं आम्ही, आणि पोरी दगडांच्या राशीला टेकून बसल्यात हे आम्हाला दिसलं नाही.

आमचा एक नियम आहे. नाटकाच्या मध्ये पोरं विचारायला लागली की वेळ हाताबाहेर जातो, म्हणून सर सुरुवातीलाच बजावतात, प्रश्न शेवटी. तिथेही बजावलं. मग त्यांनी सापाची माहिती सांगितली, सापाला आपल्यासारखे कान नसतात वगैरे. साप आला. पोरी किंचाळून मागे सरकल्या. साप सरांना चावला, पोरांनी टाळ्यांचा कडकडाट केला, मल्लू चादरीत डुलत डुलत निघून गेला.

सर जमिनीवर पडलेले. इतक्यात कडेच्या रांगेतून एक हात वर आला. सरांनी मेल्या आवाजात, ओठांच्या कोपऱ्यातून म्हटलं, "प्रश्न शेवटी."

हात खाली गेला.

पुढे माझं काम. चावलेला पाय हलवायचा नाही. दोरीनं आवळायचा नाही. ब्लेडनं कापायचा नाही. फळीचा आधार देऊन सैलसं बांधायचं आणि थेट दवाखाना. सगळं करून दाखवलं. मग सर उठले, कपडे झटकले आणि त्यांनी विचारलं, "साप चावला तर काय करायचं?" सगळी शाळा ओरडली, थेट दवाखाना. कडेची ती मुलगी तेवढी गप्प होती. सरांना एक पोर गप्प राहिलेलं चालत नाही.

"तू सांग बाळ. उभी राहा."

"उटता येत न्हाय सर," ती म्हणाली. "पाय हलवायचा न्हाय म्हणला की तुमी."

मी जवळ गेले. तिने पायाच्या दोन्ही बाजूंना लाकडी फूटपट्ट्या लावल्या होत्या आणि वेणीच्या लाल रिबिनींनी सैल बांधल्या होत्या. पाऊल सुजलं होतं. घोट्याजवळ दोन टिपके, त्यातून रक्त झिरपत होतं. मी नाटकात रोज डॉक्टरीण होते, पण त्या क्षणी मला काही सुचलं नाही.

तिचं नाव कोमल, सहावीतली. बाप मेंढरं घेऊन लांब गेलेला. बातमी कळली तसा चुलता मोटरसायकलवर आला. "हिला आदी देवळात नेतो," तो म्हणाला. "पाच मिंटांवर हाय. तुमचं नाटक तुमच्यापाशी ठेवा." त्याने तिला उचलायला हात घातले. इतकी वर्षं ज्यासाठी घसा कोरडा केला, ते समोर उभं होतं आणि सर नुसते त्या लाल रिबिनींकडे बघत होते.

"काका, न्हाय," कोमल म्हणाली. "थेट दवाखाना. आन पळवू नका, उचलून न्या."

मल्लूने व्हॅनमधून चादरीचा साप काढून फेकला, सीटवर तिला आडवं केलं. चुलता तिच्या उशाशी बसला. करमाळ्यापर्यंत सर एकच वाक्य म्हणत होते, "वीस मिनिटं माझ्यामुळे गेली."

दवाखान्यात डॉक्टरांनी तिचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं. वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही. मग ती आडवी करायची. रक्त गोठलं तर ठीक, वाहिलं तर विष भिनलंय. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत उभे होतो. आडवी केली, आणि रक्त पाण्यासारखं वाहिलं.

इंजेक्शनं सुरू झाली. दुपारी बाप आला, लेकीच्या पायाकडे बघत भिंतीला टेकून खाली बसला. सर पाण्याला शिवले नाहीत. संध्याकाळी पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा वीस मिनिटं. डॉक्टरांनी नळी आडवी केली. रक्त हललं नाही. त्यांनी ती आणखी कलती केली, तरी हललं नाही.

"वाचली," डॉक्टर म्हणाले.

मी तिथेच रडले, लपवण्यात अर्थ नाही. सरांनी स्टूल ओढलं आणि कॉटपाशी बसले. दिवसभर जे विचारायला धीर होत नव्हता ते त्यांनी विचारलं.

"कोमल, तू मध्येच हात वर केला होतास. साप चावला हे सांगायला ना?"

"न्हाय सर."

"न्हाय?"

"चावल्यालं शेवटीच सांगनार हुते. मदी सांगितलं असतं तर नाटक बंद पडलं असतं. मग पुडं काय करायचं त्ये मला कसं कळलं असतं?"

सरांनी डोळे मिटले, उघडले. "मग हात कशाला वर केलास?"

कोमलने दारात उभ्या असलेल्या मल्लूकडे पाहिलं.

"सापाला कान नसत्यात म्हणला तुमी," ती म्हणाली. "मग टाळ्या वाजल्यावर त्यो डुलला कसा?"