न झोंबलेलं मलम

अक्काच्या मलमाला कधी जाहिरात लागली नाही. कोरफडीचा गर, झेंडूच्या पाकळ्या, तिळाचं तेल आणि मेण. मंद आचेवर आटवायचं, ढवळायला लाकडी चमचाच. हात भाजलेले, बोट कापलेले, सगळे तिच्याच दारात. डबी देताना ती प्रत्येकाला बजावायची, "दोन दिवस झोंबेल, बोंब मारायची नाही. झोंबायचं थांबलं, की जखम भरायला लागली म्हणून समज." आईनं शिकवलेली ही खूण तीस वर्षं चुकली नव्हती.

धाकट्या भावाचा पाय दुखावला, तेव्हाही तिनं तीच खूण लावली. भाऊ रंगारी, निम्मा जन्म शिडीवर गेलेला. बुटातला खिळा वर आला होता आणि पठ्ठ्या दिवसभर त्याच्यावर उभा! संध्याकाळी मोजा काढला, तेव्हा रक्त दिसलं. साखरेचा आजार तर अंगात दहा वर्षं मुरलेला.

अक्कानं मलम चोपडलं. "झोंबतंय?"

"छे! काहीच नाही."

"पहिल्याच दिवशी? बघ, या खेपेला काय उतरलंय मलम! डबी घरी ने, रोज लाव."

तिसऱ्या आठवड्यात भावजय दारात येऊन उभी राहिली. "वन्सं, रागावू नका. ह्यांच्या मोज्याला वास येतोय."

"मग रंगाऱ्याच्या पायाला काय अत्तराचा वास येणार?"

"वीस वर्षं ह्यांचे मोजे धुतेय मी. घामाचा वास ओळखते. हा तो नव्हे. आणि दोन बोटं काळी पडलीत."

अक्कानं हातातला चमचा तसाच टाकला. तासाभरात तिघं दवाखान्यात होती.

डॉक्टरीणबाईंनी भावाला डोळे मिटायला सांगितलं. "टोचलं की बोला." त्यांनी तळव्याला पाच ठिकाणी सुई टेकवली. भाऊ आपला शांत. शेवटी म्हणाला, "बाई, सुरू करा की."

अक्का पुढे वाकून त्या तळव्याकडे बघू लागली.

"पायाला जाणच उरलेली नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ही दोन बोटं आजच काढायला हवीत. थांबलात तर अख्खा पाय जाईल. इथे सही करा."

भावानं कागद बाजूला सारला. "बोटांवर तर शिडीवर उभा राहतो मी! अक्का, घरी चल. सगळ्या गल्लीच्या जखमा भरल्यास तू, मीच काय घोडं मारलंय?"

भावजयीनं अक्काकडे पाहिलं. नवरा बायकोचं ऐकणाऱ्यातला नव्हता; अक्काचा शब्द मात्र त्यानं आजवर खाली पडू दिला नव्हता.

"मलम नको," अक्का म्हणाली. "माझ्या हातानं भरणारी ही जखम नव्हे. झोंबलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुझा पाय बधिर झालेला, आणि मी आपली पाठ थोपटत बसले."

"म्हणजे तू चुकलीस?"

"चुकले. तुझे तीन आठवडे मी फुकट घालवले. आता एक तासही घालवू नकोस."

भावानं काळ्या बोटांकडे पाहिलं. "शिडीवर कसा चढू गं मग?"

"नको चढूस. भिंत खालूनही रंगवावीच लागते."

तो हसला नाही. त्यानं पेन मागितलं. अक्कानं कागद परत त्याच्यापुढे ओढला आणि दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला.