टर्बोचा वारा आणि विहिणीचं वजन

माझ्या भाचीचं लग्न ठरलं त्या दुपारची गोष्ट मी कुठल्याही मांडवात सांगतो. तिचे वडील, म्हणजे आमचे भावोजी, समोर असले तर जरा जास्तच रंगवून.

स्थळ आगरदांड्याच्या बाजूचं. दिवेआगरला मुलगी पाहून झाली, जेवणं झाली. मुलाची आई म्हणाली, "काय ते उत्तर दिघीच्या जेटीवर देते." माय-लेकांना फेरीबोटीवर सोडायला भावोजींनी आपली डिझेल गाडी काढली. मुलगा पुढे, त्याची आई, माझी बहीण आणि मी मागे. वाटभर भावोजींचं गाडीपुराण. खाऱ्या वाऱ्यानं गावातल्या सगळ्या गाड्या गंजतात, त्यांची नाही. कारण दर महिन्याला ते बॉनेट उघडून, सुपारीवर औषध मारायच्या पंपानं आत सगळीकडे डिझेल फवारतात!

बोर्लीच्या पुढच्या चढावर गाडीचा दम गेला. मागे काळा धूर, पुढे नुसता आवाज. भावोजींनी आरशात पाहिलं. मुलाची आई अंगानं चांगली भरलेली.

"विहीणबाई, वजन झालंय. जरा उतरता?"

"अजून विहीण झाले नाही," म्हणत ती उतरली आणि रेशमी साडी सावरत भर उन्हात चढ चढू लागली. देवाशप्पथ सांगतो, तिनं गाडीला मागे टाकलं.

शेवटी भावोजींनी गाडी बोर्लीकडे वळवली. "उतारावर चालतं का माझं वजन?" असं विचारून बाई आत बसली.

गॅरेजवाल्यानं रेस देऊन पाहिली. "जागेवर बरी हाय, चढाला मरते. टर्बोचा वारा गळतोय." टर्बो हवा दाबून ज्या रबरी पाइपातून इंजिनाकडे पाठवतो, त्यावर त्यानं साबणाचं पाणी ओतलं आणि मला रेस द्यायला लावली. पाइपाच्या तोंडाशी भसाभसा फेस आला. दाबून पाहिला, तर पाइप चहात बुडवलेल्या पावासारखा.

"रबरावर डिझेल कुणी मारलं? फुगून पट्टीतून सुटलंय."

भावोजी सोड्याचे पैसे द्यायला वळले. मग मीच फवारणीची कीर्ती गायली, पंपासकट, हातवारे करून. बाई सोडा पीत ऐकत होती.

"म्हणजे वजन माझं नव्हतं."

नवा पाइप बसला. चढाच्या पायथ्याशी बाईनं भावोजींना गाडी थांबवायला लावली. "वजन होतंय. तुम्ही उतरा."

भावोजींनी बायकोकडे पाहिलं. ती बांगड्या पाहत होती. ते उतरले, मी स्टिअरिंगवर बसलो, आणि गाडी काय ओढली म्हणून सांगू! "वर थांबा रे!" मागून हाक आली. "फेरी चुकेल," बाई म्हणाली. मग मी कशाला थांबतोय?

जेटीवर तिनं बहिणीच्या हातात हात दिला. "मुलगी आमची झाली." फेरी सुटली, आणि मासळीच्या टेम्पोतून भावोजी उतरले. घामाघूम, शर्टाला खवले.

"काय म्हणाल्या?"

"नाही म्हणाल्या," मी म्हटलं. "वजनाचं फार लागलं हो त्यांना."

ते जेटीच्या कट्ट्यावर मटकन बसले. बहिणीनं तोंडाला पदर लावला. त्यांना तो हुंदका वाटला.

आम्ही घरापर्यंत तसंच वाटू दिलं.