आजींना विचारून सांगतो

माझ्या बायकोच्या मावसभावाने एका मेलेल्या बाईची जेवढी सेवा केली, तेवढी डोंबिवलीतल्या कुठल्या सुनेने जिवंत सासूची केली नसेल. हा जीवशास्त्रातला डॉक्टर. म्हणजे सोसायटीतली माणसं ताप आला की ज्याच्याकडे जातात आणि तोच ताप घेऊन परत येतात, त्यातला. पीएचडी झाल्यापासून विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत वर्षावर्षाच्या करारावर राबायचा आणि परदेशात पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची नोकरी, शोधायचा. तिथे त्याच्या ताब्यात एक बाटली होती. कोलशेतच्या एका आजींनी ऑपरेशनच्या वेळी आपली कॅन्सरची गाठ संशोधनाला दिली होती. आजी गेल्या, गाठीतल्या पेशी मात्र त्या बाटलीत, अंगाच्या उबेत, वाढत राहिल्या. त्यांना दिवसाआड खाणं म्हणून ताजं गुलाबी पाणी लागे. त्यापायी हा आमच्या मुलीच्या बारशातून पाळणा हलायच्या आत उठला. "आजींची जेवायची वेळ झाली," म्हणाला. तेही अगदी साध्या आवाजात.

याचं मूळ आजींच्या दहाव्यात. खाडीकाठी पिंड ठेवला, पण कावळा काही शिवेना. मुलगा हात जोडून म्हणाला, "आये, जागा नाय इकनार." नातीच्या लग्नाचंही कबूल करून झालं. कावळे समोरच्या झाडावर गप्प बसून होते. शेवटी वॉर्डातल्या ओळखीने आलेला आणि मागे उभा असलेला हा पुटपुटला, "आजी, उपाशी ठेवणार नाही." लगेच एक कावळा खाली उतरला. "योगायोग असतो, भावजी," असं तो मला नेहमी सांगे. पण आधी इकडेतिकडे बघून घेई.

मुलाखती तो आमच्या घरून द्यायचा, वर टाय आणि खाली बर्म्युडा घालून. जर्मनीतल्या प्राध्यापिकेने विचारलं, कधी रुजू व्हाल? हा म्हणाला, "आजींना विचारून सांगतो." बाईंना वाटलं, मोठ्यांना मानणारा मुलगा आहे, आणि त्यांनी नोकरी देऊन टाकली. पीएचडीला फार वर्षं झाली की पोस्टडॉकला कोणी उभं करत नाही. ही शेवटचीच संधी होती. होकार सोमवारपर्यंत कळवायचा होता आणि हा तोंडात गुळणी धरून बसलेला.

मी म्हटलं, "अरे, पेशी गोठवून ठेवता येतात ना?"

"ठेवून पाहिल्या. वितळवल्यावर एकही जगली नाही. वॉर्डातसुद्धा आजींना पंखा सोसायचा नाही."

"मग दुसऱ्या कुणाला सांग."

"शब्द मी दिलाय, भावजी."

सोमवारी मीच त्याला धरून प्रयोगशाळेत नेलं. म्हटलं, विचार एकदाचं. बाटली सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो बघतच राहिला. मग मला जागा दिली. या पेशी जिवंत असेपर्यंत बाटलीचा तळ घट्ट धरून असतात. त्या सगळ्याच्या सगळ्या सुटून नुसत्या तरंगत होत्या. "काल ठणठणीत होत्या," तो म्हणाला. खाणं वेळेवर झालं होतं, ऊब बरोबर होती, बुरशी नव्हती. त्याने पुन्हा पुन्हा तपासलं, आणि मग तिथेच बसून होकार कळवला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून आम्ही कोलशेतच्या खाडीवर गेलो. आजींना काय काय कबूल करायचं, याची त्याने रिक्षात तयारी केली होती. त्याने भाताचा पिंड ठेवला. हात जोडतोय तोच कावळा आला आणि शिवून गेला.

त्याचे हात जोडलेलेच राहिले.

"आजींनी काही मागितलंसुद्धा नाही हो," तो म्हणाला.